ताल कोणाच्या नावावर?

एम.ए.च्या लोकसाहित्याच्या तासाला एक प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच: 'सर, या ओवीचा कर्ता कोण?' आणि दर वर्षी आम्ही तेच उत्तर देतो: 'अज्ञात. लोकसाहित्याचा कर्ता समूह असतो.' विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. उत्तर चुकीचे नाही. पण ते फार सोयीचे आहे, आणि ज्यांच्या बाबतीत ते दिले जाते ती माणसे क्वचितच ते ऐकायला समोर असतात. या सोयीची आम्हांला अलीकडे टोचणी लागली आहे. तिला कारण झाली एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका. बो डिडली या गिटारवादक-गायकाची, त्याच्याच नावाची, १९५८ साली शिकागोच्या चेस कंपनीने काढलेली.

हे आमचे क्षेत्र नव्हे, हे आधीच कबूल करतो. आम्ही मराठीचे अध्यापक. पाश्चात्त्य संगीताशी आमचा संबंध महाविद्यालयीन दिवसांत मित्रांकडून मिळालेल्या सीडींपुरता. त्या काळी जॉर्ज मायकल यांचे 'फेथ' (१९८७) आणि यू टू या वाद्यवृंदाचे 'डिझायर' (१९८८) ही दोन्ही गाणी आम्ही पुष्कळदा ऐकली. दोहोंच्या मुळाशी एकच ताल आहे हे तेव्हा लक्षात आले नाही. पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे 'शीज द वन' (१९७५), द हू यांचे 'मॅजिक बस' (१९६८), एल्व्हिस प्रेस्ली यांचे 'हिज लेटेस्ट फ्लेम' (१९६१) असे मागे मागे जात राहिलो, तो तोच ताल प्रत्येक वळणावर उभा. त्याला जगभरचे वादक एका माणसाच्या नावाने ओळखतात: 'बो डिडली बीट'. आणि ज्याचे नाव त्या तालाला मिळाले, त्या माणसाला त्या तालाचे म्हणून काहीही मिळाले नाही. साहित्याच्या अध्यापकाला या विधानापाशी थांबणे भाग आहे, कारण 'कर्ता' या संकल्पनेची सारी गुंतागुंत येथे उघडी पडते.

प्रथम त्या ध्वनिमुद्रिकेविषयी. ती आजच्या अर्थाने 'अल्बम' म्हणून रचलेली नाही. १९५५ ते १९५८ या काळात सुट्या तबकड्यांच्या रूपाने आलेली बारा गाणी तीत एकत्र केलेली आहेत. नियतकालिकांतून विखुरलेल्या कवितांचा पुढे संग्रह व्हावा तसा हा प्रकार. अशा संग्रहाला आखीव रचना नसते. पण कवीचा स्वभाव त्यात अधिक स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक कविता स्वतंत्रपणे पहिलीच असल्यासारखी लिहिलेली असते.

या गायकाचे जन्मनाव एलास बेट्स. जन्म ३० डिसेंबर १९२८, मिसिसिपी राज्यातील मॅककोम येथे. आईच्या चुलत बहिणीने, गसी मॅक्डॅनियल यांनी, त्याचा सांभाळ केला आणि लहानपणीच त्याला घेऊन त्या शिकागोच्या दक्षिण भागात राहायला आल्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचे उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे जे प्रचंड स्थलांतर त्या दशकांत झाले, त्यातलेच हे एक कुटुंब. मुलगा चर्चमध्ये व्हायोलिन शिकला, शाळेत वाद्ये तयार करायला शिकला, जॉन ली हूकर यांचे गाणे ऐकून गिटारीकडे वळला आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला. या रस्त्यावरच्या वादनात त्याचा जोडीदार होता जेरोम ग्रीन. त्याच्या हातातले वाद्य म्हणजे मराकस, आपल्या भाषेत खुळखुळे. २ मार्च १९५५ रोजी शिकागोत पहिले ध्वनिमुद्रण झाले. तबकडीच्या एका बाजूला 'बो डिडली', दुसऱ्या बाजूला 'आय अ‍ॅम अ मॅन'. ती रिदम अँड ब्ल्यूजच्या याद्यांत अग्रस्थानी गेली.

'रिदम अँड ब्ल्यूज' हे नावसुद्धा तेव्हा जुने नव्हते. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीला 'बिलबोर्ड' हे नियतकालिक १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत असे. त्या वर्षी ते नाव बदलले. नाव बदलले तरी यादी वेगळीच राहिली, हेही लक्षात ठेवावे.

आता तो ताल. मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याचा सोपा मार्ग असा: सोळा समान मात्रा मोजाव्यात, आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. पहिल्या अर्ध्या भागात तीन आघात, दुसऱ्यात दोन. टाळ्यांमधील अंतरे सारखी नाहीत, म्हणून प्रत्येक फेरीत चाल अडखळल्यासारखी वाटते आणि लगेच सावरते. ही झाली केवळ मोजणी. 'बो डिडली' या गाण्यात या सांगाड्यावर क्लिफ्टन जेम्स यांचे ड्रम चालतात आणि जेरोमचे खुळखुळे मधल्या सर्व रिकाम्या जागा दाण्यांनी भरून काढतात. गिटारीचा आवाज विद्युत्-उपकरणाने असा कंपित केलेला की सूर कोठे संपतो आणि आघात कोठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. गिटार येथे स्वरवाद्य उरतच नाही, ती तालवाद्य होते. रागदारीच्या कानाला आश्चर्य वाटेल, पण पाश्चात्त्य गीताला आवश्यक मानलेले स्वरमेळांचे बदलही येथे जवळजवळ नाहीत. सारे गाणे एकाच स्वरमेळावर उभे आहे. शब्द पाहावेत तर एका जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या अंगाईच्या साच्यात बसवलेले. म्हणजे चाल नगण्य, शब्द परंपरेचे, स्वरमेळ एकच. मग यात नवे काय? नवे ते सारे उरलेल्या भागात आहे: तालाच्या वजनात, आवाजाच्या पोतात, तीन-चार माणसांनी एकमेकांना दिलेल्या जागेत. दुर्दैव असे की कर्तृत्व मोजण्याची जी साधने त्या काळी होती, त्यांत नेमका हाच 'उरलेला भाग' मोजण्याची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र या गायकाने स्वतःच्या हातात ठेवली: नाव. पहिल्याच गाण्यात तो स्वतःचे नाव उच्चारतो, गाण्याचे शीर्षकही तेच. पुढे याच संग्रहात 'हे! बो डिडली' आहे, 'डिडली डॅडी' आहे. अभंगाच्या शेवटी संतकवी जी नाममुद्रा ठेवतात तिची आठवण मराठी वाचकाला येथे येणे साहजिक आहे. पण साम्य दाखवून थांबणे बरोबर नाही, फरकही पाहिला पाहिजे. नाममुद्रा अखेरच्या चरणात येते आणि कवी तीत बहुधा लीन होऊन बोलतो. बो डिडली नाव सुरुवातीलाच घेतो, छाती पुढे काढून घेतो, आणि पुन्हा पुन्हा घेतो. शिवाय ते नाव त्याचे जन्मनाव नाही. ते कोठून आले याच्या अनेक कथा आहेत, आणि त्याने स्वतःही त्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेत 'डिडली बो' नावाचे एकतारी लोकवाद्य आहे, त्याच्याशीही या नावाचा संबंध जोडला जातो. तथापि नाममुद्रेचे एक व्यावहारिक कार्य दोन्हीकडे समान आहे. मौखिक परंपरेत ज्याच्याजवळ छापखाना नाही, त्याने आपली रचना आपली म्हणून सांगण्याचा एकच मार्ग उरतो: नाव गाण्यातच विणून टाकणे, म्हणजे गाणे चोरताना नावही उचलावे लागेल.

याचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. २० नोव्हेंबर १९५५ रोजी बो डिडली एड सलिव्हन यांच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात आले. त्यांनी 'सिक्स्टीन टन्स' हे त्या काळी गाजत असलेले दुसऱ्याचे गाणे म्हणावे अशी अपेक्षा होती. थेट प्रक्षेपणात त्यांनी गायले 'बो डिडली'. सलिव्हन संतापले आणि त्या कार्यक्रमाची दारे त्यांना पुन्हा उघडली नाहीत. हा बंडखोरपणा होता की गैरसमज, यावर मतभेद आहेत. आम्हांला त्यात रस एवढाच की देशभरच्या प्रेक्षकांसमोर मिळालेल्या त्या संधीत या माणसाने स्वतःचे नाव गायले.

'आय अ‍ॅम अ मॅन' या दुसऱ्या बाजूच्या गाण्याचाही येथे विचार केला पाहिजे. वरवर पाहता ते पौरुषाची बढाई मारणारे गीत आहे. पण ज्या समाजात प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषाला गोरे लोक सर्रास 'बॉय' म्हणून हाक मारीत, तेथे 'मी पुरुष आहे, माणूस आहे' या विधानाला दुसरा अर्थ चिकटल्यावाचून राहत नाही. गाण्याच्या कर्त्याने तो अर्थ योजला होता असे आम्ही म्हणत नाही. पण १९६८ साली मेम्फिस शहरातील सफाई कामगारांच्या संपात नेमके हेच तीन-चार शब्द फलकांवर लिहिलेले होते, हे माहीत झाल्यावर गाणे पूर्वीसारखे ऐकू येत नाही. संहितेचा अर्थ वाचकाच्या काळात वाढतो हे आपण वर्गात शिकवतोच. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. हा ताल बो डिडली यांनी शून्यातून निर्माण केला का? मुळीच नाही. १७३९ च्या स्टोनो येथील बंडानंतर साउथ कॅरोलिनामध्ये १७४० साली गुलामांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात त्यांना ढोल बाळगण्यास बंदी होती. ढोल गेले, पण ताल गेला नाही. मांड्या, छाती आणि हात यांवर थापा मारून तो वाजवण्याची जी रीत गुलामांच्या वस्त्यांत रुजली तिला 'जूबा' म्हणत. पुढे तिचेच 'हॅमबोन' झाले. लहान मुले रस्त्यात ते खेळत. १९५२ साली रेड सॉन्डर्स यांच्या वाद्यवृंदाने शिकागोतच 'हॅमबोन' नावाची तबकडी काढली होती. क्यूबाच्या संगीतातील 'क्लावे' हा पाच आघातांचा आकृतिबंध तर याच कुळातला. म्हणजे हा ताल बो डिडली यांच्याआधी हजारो अनाम हातांनी वाजवलेला होता. तो समूहाचा होता. आमच्या वर्गातल्या उत्तराप्रमाणे त्याचा कर्ता 'अज्ञात' होता.

येथे आमचे सोयीचे उत्तर अडचणीत येते. ताल समूहाचा हे खरे, पण समूहाने तो ज्या रूपात ठेवला होता तो मुलांचा खेळ होता. त्याला विजेची गिटार, खुळखुळे, कंपित आवाज आणि एक बेधडक व्यक्तिमत्त्व देऊन गाण्याचा संपूर्ण आधार बनवणे हे एका माणसाचे, आणि त्याच्या तीन-चार साथीदारांचे काम होते. आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात मौखिक महाकाव्यांविषयी हेच दाखवले आहे. गायक परंपरेतून साचे घेतो, तरीही प्रत्येक सादरीकरण ही त्याची रचना असते. समूह आणि व्यक्ती यांत निवड करण्याची गरज नसते. ती गरज उत्पन्न होते ती कागदावर एकाच नावाची जागा असते म्हणून.

आणि तो कागद खरोखरच अस्तित्वात होता. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यानुसार गीताच्या हक्काची नोंदणी लिखित स्वरलिपी जमा करून होत असे. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळू लागले ते १९७२ पासून. याचा अर्थ असा की स्वरलिपीत जे लिहिता येत होते, म्हणजे शब्द आणि चाल, तेवढेच कायद्याच्या लेखी 'गीत' होते. तालाचे वजन, गिटारीचा पोत, खुळखुळ्यांचा पाऊस यांतले काहीच त्या कागदावर मावत नव्हते. ही केवळ जुनी गोष्ट नाही. लेड झेपेलिन यांच्या 'स्टेअरवे टू हेवन' या गीतावरील खटल्यात २०२० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हेच सांगितले की त्या जुन्या कायद्याखालील रचनेच्या हक्काची व्याप्ती जमा केलेल्या कागदापुरतीच असते. केवळ तालावर कोणाचा हक्क असू शकतो का, हा प्रश्न जमैकातील एका जोडगोळीच्या वतीने २०२१ साली कॅलिफोर्नियातील न्यायालयात पुन्हा विचारला गेला आहे. म्हणजे वाद जिवंत आहे.

कायद्याची जाळी अशी असल्यावर पुढे जे घडले ते बेकायदा नव्हते. बडी हॉली यांनी १९५७ साली 'नॉट फेड अवे' याच तालावर रचले. रोलिंग स्टोन्स यांनी १९६४ साली ते गायले आणि ब्रिटनमध्ये ते फार गाजले. श्रेय आणि मानधन गेले शब्द आणि चाल ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे. चुकीचे कोणी काही केले नाही. हॉली यांचे बो डिडली यांच्यावरील प्रेम खरे होते, त्यांनी 'बो डिडली' हे गाणेही गायले. १९६३ साली रोलिंग स्टोन्स यांनी ब्रिटनच्या दौऱ्यात बो डिडली यांच्यासोबत कार्यक्रम केले आणि त्यांना गुरुस्थानी मानले. 'प्रिटी थिंग' या याच संग्रहातील गाण्यावरून तर एका ब्रिटिश वाद्यवृंदाने आपले नाव घेतले. आदर उदंड होता. पण आदर बँकेत जमा होत नाही. स्वतःच्या शब्द-चालींच्या गाण्यांचेही योग्य मानधन मिळाले नाही अशी बो डिडली यांची तक्रार अखेरपर्यंत होती. आपण सगळ्यांसाठी दार उघडले, सगळे आत धावत गेले आणि आपल्या हाती दाराची मूठ तेवढी उरली, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. २ जून २००८ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले, आणि त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ते कार्यक्रम करीतच होते. इतक्या उतारवयापर्यंत दौरे करावे लागणे हे केवळ कलेवरच्या निष्ठेचे लक्षण मानून आपण खूश होऊ नये.

तथापि या कथेत एक बाजू पीडिताची आणि दुसरी लुटारूंची, असे सरळ चित्र काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. दोन उदाहरणे देतो.

पहिले चांगल्या व्यवहाराचे. 'आय अ‍ॅम अ मॅन' या गाण्याची प्रेरणा मडी वॉटर्स यांनी १९५४ साली गायलेल्या, विली डिक्सन यांनी रचलेल्या 'हूची कूची मॅन'मध्ये होती. बो डिडली यांचे गाणे आल्यावर मडी वॉटर्स यांनी त्याला त्याच वर्षी 'मॅनिश बॉय' हे उत्तर दिले, आणि त्या गाण्याच्या श्रेयनामावलीत मॅक्डॅनियल हे नाव आले. सवाल-जवाबासारखी ही देवघेव आहे. घेणारा देणाऱ्याला ओळखतो, आणि कागदावरही ओळख ठेवतो.

दुसरे उदाहरण गैरसोयीचे. 'हू डू यू लव्ह' या संग्रहातील गाण्यात गिटारीचा जो धारदार स्वर ऐकू येतो तो जोडी विल्यम्स या तरुण वादकाचा. या विल्यम्स यांच्या गिटारीतला एक स्वरबंध 'लव्ह इज स्ट्रेंज' या १९५६ च्या गाजलेल्या गाण्याचा पाया झाला. त्या गाण्याच्या रचनेत बो डिडली यांचा हात होता आणि त्यांनी आपला वाटा पत्नीच्या नावावर नोंदवला. श्रेयनामावलीत विल्यम्स यांचे नाव नाही. ज्याच्या तालाला कागदावर जागा मिळाली नाही, त्याच्या भोवतीच दुसऱ्या एकाच्या स्वरबंधाला जागा मिळाली नाही. अन्याय सोसणारा माणूस अन्यायाच्या व्यवस्थेबाहेर उभा असतोच असे नाही. जेरोम ग्रीन यांच्याबाबत मात्र एक समाधान आहे. याच संग्रहातील 'ब्रिंग इट टू जेरोम' हे गाणे त्यांच्या नावावर आहे आणि शीर्षकातही त्यांचे नाव आहे. खुळखुळे वाजवणाऱ्यालाही नाममुद्रा मिळाली.

आमच्यावर येणारा आक्षेप आम्ही ऐकू शकतो: 'हा पैशाचा आणि वकिलांचा प्रश्न झाला, साहित्याच्या अध्यापकांनी त्यात का पडावे? आणि उद्या तालावरही मालकी सांगू लागले तर परंपरा पुढे जाणार कशी?' आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांला मान्य आहे. तालावर मालकी बसवावी असे आम्ही म्हणत नाही. तसे असते तर बो डिडली यांनाही हॅमबोन खेळणाऱ्या पोरांपुढे हिशेब ठेवावा लागला असता, आणि आमच्या शाहिरांना व लावणीकारांना तोंड उघडता आले नसते. सामायिक धन सामायिकच राहिले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की मालकी आणि श्रेय या दोन गोष्टी आहेत. तालाची मालकी कोणाचीही नसेल, पण तो कोणाच्या हातून आपल्याला मिळाला हे सांगण्याने सामायिक धन कमी होत नाही, उलट त्याचा इतिहास वाढतो.

आणि पहिल्या भागाला उत्तर असे: कायद्याने जे केले तेच आपण वर्गात करतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही 'संगीतकृती'ची मूळ व्याख्या लिहिलेल्या वा छापलेल्या रूपाशी बांधलेली होती. ती १९९४ च्या दुरुस्तीने सैल झाली. ज्या देशात संगीताची जवळजवळ सारी परंपरा कानांनी चालत आली त्या देशाच्या कायद्याने सदतीस वर्षे कागदाचा आग्रह धरला, याचे आश्चर्य वाटायला हवे. पण आपल्या अभ्यासक्रमांकडे पाहिले की वाटत नाही. आम्ही ओवी शिकवतो ती छापील चार ओळींची. जात्याची घरघर, दोन बायकांनी आळीपाळीने उचललेला चरण, श्वास घेण्यासाठी मोडलेला शब्द, दळण संपत आल्यावर वाढलेली गती, हे सारे आम्ही 'सादरीकरण' या शब्दात गुंडाळून टीपेत टाकतो. मग उरलेल्या चार ओळी सर्वांच्या सारख्याच दिसतात आणि कर्ता 'अज्ञात' ठरतो. वास्तविक तो अज्ञात नसतो, त्याचे कर्तृत्व ज्या भागात होते तो भाग आपण आधीच कापून टाकलेला असतो.

याला दुसरा मार्ग आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले आणि आज 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या गाणाऱ्या स्त्रीच्या नावासह, गावासह ऐकता येतात. ओवी तिच्या आईची, आजीची असेल. पण या आवाजातली, या वळणाची ओवी तिची आहे, आणि तिथे तिचे नाव आहे. समूह नाकारला गेला नाही, व्यक्तीही पुसली गेली नाही.

म्हणून आमचे आमच्या सहकारी अध्यापकांना एवढेच सांगणे आहे. लोकसाहित्याच्या तासाला छापील संहिता वाटण्यापूर्वी आवाज ऐकवावा. गाणाऱ्याचे नाव उपलब्ध असेल तर ते फळ्यावर लिहावे, नसेल तर ते का उपलब्ध नाही हा प्रश्न लिहावा. परीक्षेत 'लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो, चर्चा करा' असा प्रश्न काढण्याऐवजी 'त्याला अज्ञात कोणी केले?' असे विचारून पाहावे. गुण द्यायला जरा अवघड जाईल, पण उत्तरपत्रिका वाचनीय होतील.

यंदा आम्ही एक प्रयोग केला. ओवीच्या घटकाआधी वर्गात बो डिडली यांचे ते पहिले गाणे लावले आणि शब्द कळण्याची गरज नाही, फक्त टाळी धरा असे सांगितले. पहिल्या मिनिटात अर्धा वर्ग चुकत होता. तिसऱ्या वेळी लावले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी बाकावर पाच ठोके अचूक देत होती. 'हे कोणाचे?' असे विचारल्यावर ती म्हणाली, 'सर, नाव तर तो स्वतःच सांगतोय.' मग थोडे थांबून तिने विचारले, 'पण खुळखुळा कोण वाजवतंय?'

त्या दिवशी फळ्यावर आम्ही दोन नावे लिहिली.